मेजापासून लांब बसले ते वर्ष

मला आयुष्यात एकदाच प्रभूच्या मेजावरून उठवण्यात आलं, आणि उठवणारी मीच होते. त्याआधी वर्षभर मी दुसऱ्या एका बाईला उठवलं होतं. दोन्ही वेळा मला वाटत होतं की मी देवाची बाजू घेते आहे. हे लिहायला बसले की अजूनही पाय एका जागी ठरत नाहीत. सकाळपासून तीनदा उठले, पाणी प्यायले, उगाच खिडकी लावली आणि पुन्हा उघडली. तेव्हा आता सांगूनच टाकते.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांची होते आणि धुळ्याला, नदीपलीकडे देवपुरात, मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. माहेर जळगावचं. वडील तिथल्या मंडळीत पंच होते, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या चार वडीलधाऱ्यांपैकी एक. आमच्या घरात ओरडणं नव्हतं, खोटं बोलणं नव्हतं, रविवारी चूल पेटवणंही नव्हतं. शनिवारीच भाकरी थापून ठेवायच्या. अशा घरात वाढलेल्या मुलीला आपण बरोबर आहोत हे कुणी शिकवावं लागत नाही. ते तिला उंची आणि रंगासारखं आपसूक मिळालेलं असतं.

धुळ्यात आल्यावर दोन वर्षांतच प्रभुभोजनाच्या मेजाची सगळी तयारी माझ्याकडे आली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीनं मिळून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. त्यासाठी मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून रस करायचा. खमीर न घालता गव्हाची जाड पोळी भाजून तिचे सारखे तुकडे करायचे. मेजावरची पांढरी चादर खळ घालून, इस्त्री करून अंथरायची. चादरीला एक सुरकुती राहिली तर मला भजन ऐकू येत नसे. सगळं लक्ष त्या सुरकुतीकडे.

आदल्या शनिवारी दुपारी चारला तयारीची सभा असे. कुणाचं कुणाशी वाकडं आलं असेल तर तिथं बोलायचं, मिटवायचं, आणि मग आपलं नाव यादीत द्यायचं. ज्याचं नाव यादीत नाही त्याच्यापुढे दुसऱ्या दिवशी तुकड्यांचं ताट जात नसे. माझं नाव कायम पहिल्या पाचांत. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसेच. कधी कधी मी आठवून बघायची, महिन्याभरात आपलं काही चुकलं का म्हणून, आणि नाही सापडलं की मनातून बरं वाटायचं. त्याच आठवड्यात संडे स्कूलमध्ये मी मुलींना शिकवलेलं असायचं की माणूस देवापुढे उभा राहतो तो स्वतःच्या नीतिमत्त्वावर नाही, ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर. धडा मला पाठ होता. मुलींकडूनही मी तो शब्द न् शब्द पाठ करून घेत असे, आणि जी अडखळेल तिला उभी करत असे.

आता अक्का. अक्का आमच्या मंडळीची बायबलबाई होती, म्हणजे खेडोपाडी जाऊन बायकांना येशूच्या गोष्टी सांगणारी. वय पंचेचाळीसच्या आसपास. विधवा. बाजूच्याच एका खेड्यातल्या शेतकरी घरातली. तरुणपणी तापानं फणफणलेलं मूल घेऊन मिशनच्या दवाखान्यात आली, मूल गेलं, आणि ती परत गेलीच नाही. तिथंच राहिली, वाचायला शिकली, बाप्तिस्मा घेतला. एवढं सगळ्यांना माहीत होतं. पुढचं कुणी विचारलं नव्हतं.

मला ती आवडत नसे, हे कबूल करते. तिला वेळेचं भान नसायचं. कुणाच्याही ओट्यावर बसायची, कुणाचाही चहा प्यायची, चित्रं गुंडाळलेली पिशवी कुठंतरी विसरून यायची आणि मोठ्यानं हसत ती शोधायला निघायची. सभेत तिचं नाव यादीत द्यायच्या वेळी दर महिन्याला काहीतरी निघे. "मी दवाखान्यातल्या आयाला वाईट बोलले, तिची माफी मागितली," नाहीतर "माझ्या मनात अमक्याबद्दल फार आलं." दर महिन्याला! मला वाटे, या बाईनं एकदाची नीट वागायला सुरुवात का करू नये?

उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या मडमबाईंनी आम्हा शिक्षिकांना बायबलबायांबरोबर खेड्यात जायला सांगितलं. माझ्या वाट्याला अक्का आली. आणि नेमका आखाजीचा दिवस निघाला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात लेकींचा सण. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, दिवसभर गाणी म्हणतात. त्याच दिवशी घरोघर पितरांचीही आठवण करतात. घागर भरतात, आणि उंबऱ्याची पूजा करून मेलेल्या एकेका माणसाचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट उंबऱ्यावर ओढतात. जितकी माणसं गेली तितक्या रेघा. मी जन्मानं ख्रिस्ती असले तरी इथलीच. हे सगळं मला माहीत होतं आणि त्यापासून चार हात दूर राहायचं हेही.

पांझरेच्या काठाकाठानं आम्ही दीड तास चाललो. ऊन मी म्हणत होतं. गावात शिरलो तर जिकडेतिकडे झोके, नव्या लुगड्यातल्या पोरी, गाण्यांचा गलका. अक्का तर त्यांच्या गाण्यावर मान डोलवायला लागली. मी तिला डोळ्यांनीच दटावलं. विहिरीजवळ आल्यावर ती म्हणाली, "तू इथं सावलीला बस, पोरी. मी आलेच."

मी बसले नाही. मला कधीच बसवत नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आणि मी तिच्या मागावर गेले. गल्लीच्या तोंडाशी येऊन पाहिलं तर समोरच्या घराच्या दारात अक्का गुडघ्यावर बसली होती. उंबऱ्यावर लाल रेघांची ओळ होती. अक्का खाली वाकलेली, डोकं उंबऱ्याला टेकायलाच आलेलं, आणि हात त्या रेघांवर. आत अंधारात एक म्हातारी उभी होती. मी आल्या पावली मागे फिरले.

अक्का परत आली तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या बोटाला कुंकू होतं. ते ती पदरात पुसत होती.

"अक्का, बोटाला काय?"

"काही नाही गं. चल, ऊन वाढतंय."

डोळे लाल झाले होते तिचे. मला वाटलं, मनाची लाज. परतीच्या वाटेवर मी तिच्या चार पावलं पुढेच चालत राहिले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. येशूचं नाव सांगणारी बाई आखाजीच्या दिवशी पितरांच्या उंबऱ्याला हात लावते! आणि खरं सांगू का, त्या रागात एक गोडवाही होता. अक्काबद्दल मला जे कायम वाटत आलं होतं ते खरं निघालं होतं.

कुणाची चूक दिसली तर आधी त्याला एकट्याला गाठून बोलावं, हा आमच्यात नियम. तोही मी शिकवत असे. पण मी अक्काकडे गेले नाही. मनाशी म्हटलं, एवढी मोठी गोष्ट एकटीनं कशी दडपायची? पुढच्याच शनिवारी तयारीच्या सभेत मी उभी राहिले आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. पाहिलं तेवढंच, हं. मीठमिरची लावली नाही. याचाही मला अभिमान होता.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, दम्याचे, हळू बोलणारे. त्यांनी अक्काला विचारलं, "बाई, तुम्ही त्या घरी गेला होता?"

"गेले होते."

"उंबऱ्याला हात लावला?"

"लावला."

"बोटाला कुंकू होतं?"

"होतं, साहेब."

"तुम्हाला काही सांगायचंय?"

अक्कानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही."

पंचांनी ठरवलं की अक्का सगळ्यांसमोर पश्चात्ताप प्रकट करीपर्यंत तिचं नाव यादीत येणार नाही. बायबलबाईचं कामही थांबलं. तिला दवाखान्यात पट्ट्या धुवायला ठेवलं.

पुढचं वर्ष कसं गेलं ते मला नीटसं सांगता येणार नाही. वरवर सगळं ठीक होतं. पण दर पहिल्या रविवारी ताट रांगेतून सरकत मागे जायचं आणि शेवटच्या बाकावर अक्कापाशी आलं की तिला वगळून पलीकडे जायचं. ती मान खाली घालत नसे. भजन सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणायची, सूर नेहमीप्रमाणे चुकवत. बाहेर पडताना मला म्हणायची, "बरी आहेस ना, पोरी? वाळलीस गं." मला वाटे, ही चिडत का नाही? चिडली असती तर मला झोप लागली असती. आणि पश्चात्ताप तरी का प्रकट करत नाही? दोन वाक्यं बोलायची, संपलं! मी चिडून तिच्यासाठी प्रार्थनाही करू लागले. देवा, हिचा हट्ट मोड, अशी.

पुन्हा उन्हाळा आला. आखाजीला दोन दिवस होते. अक्का विषमज्वरानं दवाखान्यात पडली होती आणि तिनं मला बोलावणं पाठवलं. मी मनात म्हटलं, शेवटी आली वळणावर. कबुली ऐकायला जावं तशी गेले.

खाटेवर ती निम्मी झाली होती. मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "तुला ते घर ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला नाही. माझं एक काम करशील? परवा तिथं जा, आणि उंबऱ्यावरची शेवटची रेघ पुसून ये."

"कुणाची रेघ?"

"माझी."

मला कळेना. तापात बरळते आहे असं वाटलं. मग तिनं सांगितलं. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी भावानं घरादाराला अंघोळ घातली, ती मेली असं सांगितलं. तेव्हापासून आखाजीला उंबऱ्यावर बापाची, आज्याची, काकाची रेघ ओढतात तशी शेवटी तिचीही ओढतात. म्हातारी आई स्वतःच्या हातानं ओढते. आणि दर वर्षी ही जाऊन ती पुसून येते. "मी जितीजागती आहे ना," अक्का म्हणाली. "या वर्षी कुणी पुसली नाही तर मायला वाटेल, खरंच गेली."

लाल बोट पदरात पुसणारी अक्का मला पुन्हा दिसली. आणि लगेच, हे लिहायला लाज वाटते, मला तिचा भयंकर राग आला. मी जवळजवळ ओरडलेच, "मग सभेत का नाही बोललात? तोंड नव्हतं का तुम्हाला?"

"काय बोलायचं? हात लावला का म्हणे. लावला होता. कुंकू होतं का म्हणे. होतं."

"पण तुम्ही पुसत होता!"

"पुसताना माझ्या मनात भावाबद्दल जे जे होतं ना, पोरी, ते तुला दिसलं नाही. तू सांगितलंस त्याच्या दसपट होतं. तो मरावा असं मागत होते मी, त्या उंबऱ्यावर गुडघे टेकून. ते लपवून मी स्वच्छ आहे म्हणून उभी राहू? नाही जमलं मला." मग थकून डोळे मिटले. "जाशील ना?"

आखाजीला भल्या सकाळी मी एकटीच निघाले. त्या दीड तासाची वाट मी तासाभरात तोडली असेन. गल्लीत शिरले, दार उघडंच होतं. उंबऱ्यावर सहा रेघा. शेवटची जरा बाजूला, बाकीच्यांपेक्षा आखूड. मी वाकून हात पुढे केला तोच म्हातारी आतून आली. सत्तरीची असेल, कंबरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत.

"कोन व तू? तू कसाले पुसस? ती कोठे शे?"

मी घाईनं हात मागे घेतला. म्हातारीचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. दाराच्या चौकटीला धरून ती खाली बसली आणि अगदी हळू म्हणाली, "मरनी का ती?"

"नाही, नाही आजी! ताप आहे तिला. दवाखान्यात आहे. उतरतोय आता. तिनंच मला पाठवलंय."

म्हातारीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी तिच्यापुढे, उंबऱ्याच्या बाहेर, जमिनीवरच बसले. पलीकडे लिंबाखाली झोक्यावर पोरींची गाणी चालली होती. सगळ्या गावच्या लेकी माहेरी आल्या होत्या. मी विचारलं, "आजी, ती जिवंत आहे हे माहीत असून तुम्ही रेघ कशाला काढता?"

ती माझ्याकडे बघत राहिली. हिला एवढंही कळू नये, असं बघणं.

"मना पोऱ्या तिले घरमा पाय ठेवू देत नई," ती म्हणाली. "दरसाल मी काढस, दरसाल ती येस नि पुसस. उंबरापावत तरी येस ना मनी लेक. मी रेघ नई काढी तं ती येई का?"

मग तिनं पदराचं टोक ओठात धरून ओलं केलं आणि ती शेवटची रेघ स्वतःच पुसली. लाकडावर लाली राहू नये म्हणून दोनदा पुसली. "सांगजो तिले," म्हणाली, "मायनी पुशी टाकी म्हनीसनी. बरी व्हय म्हना, नि पुढला साले तू ये."

मी गावाबाहेर येऊन नदीच्या वाळूत उभी राहिले आणि मोठमोठ्यानं रडले. वर्षभर त्या म्हातारीच्या लेकीला मी पट्ट्या धुवायला लावलं होतं. आई आणि लेकीच्या भेटायच्या त्या एवढ्याशा जागेवर मी पाय दिला होता.

धुळ्यात पोचले ती सरळ पाळकसाहेबांच्या घरी. त्यांना जेवणावरून उठवलं. त्याच शनिवारी मी सभेत उभी राहून सगळं सांगितलं, अक्काकडे आधी गेले नाही हेही सांगितलं. अक्काचं नाव यादीत परत आलं. बरी झाल्यावर कामही परत मिळालं. पंचांपैकी एक जण मला म्हणाले, "झालं ते झालं, बाई. तुमचा हेतू चांगला होता." ते ऐकून मला जास्तच कसंसं झालं, कारण हेतू कसा होता ते मला ठाऊक होतं.

"आता माझं नाव काढा," मी म्हटलं.

पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही कबूल केलंत. पुरे झालं."

"माझ्या दृष्टीनं पुरे नाही."

ते दम घेत माझ्याकडे बघत राहिले. "तुमच्या दृष्टीनं?" एवढंच विचारलं त्यांनी. मला त्या प्रश्नाचा अर्थ तेव्हा कळला नाही. मी स्वतःच माझं नाव द्यायचं बंद केलं.

आणि मग मी फेडायला निघाले. काय काय केलं म्हणून सांगू! मनुकांचं आणि चादरीचं काम सोडून दिलं. नव्या बाईनं रस पातळ केला तेव्हा शेवटच्या बाकावर बसून मनातल्या मनात तिला नावं ठेवली, आणि नावं ठेवली म्हणून संध्याकाळचं जेवण टाकलं. चहा सोडला. बुधवारी उपास धरला, मग शुक्रवारीही. दवाखान्यात जाऊन पट्ट्या धुवायला लागले. अक्काच्या खोलीवर रोज पाणी भरायचं, तिची भांडी घासायची, तिची पिशवी खांद्यावर घेऊन खेड्यात तिच्यामागे चालायचं. एक दिवस तिनं माझ्या हातातलं पातेलं ओढून घेतलं. "ठेव खाली! माझ्या घरात एक भांडं मला सापडत नाही तुझ्यामुळे. तुझ्या जिवाला चैन नाही आणि मलाही घेऊ देत नाहीस!"

"अक्का, मला माफ केलंत का?"

"कितीदा सांगू? केलं. गेल्या वर्षीच केलं."

पण ते माझ्या कामाचं नव्हतं. तिनं दिलेली माफी फुकटची होती आणि मला ती कमवायची होती. कितीही केलं तरी रात्री अंथरुणावर पाठ टेकली की हिशेब उणाच यायचा. मी वाट बघत होते त्या दिवसाची, जेव्हा मागच्यासारखी आठवून बघेन आणि काही सापडणार नाही. मग बसेन मेजाशी. तो दिवस येईना. उलट रोज नवं काहीतरी सापडू लागलं, पूर्वी कधी न दिसलेलं. शेवटी धुळ्यात जीव घुसमटायला लागला आणि मी बदली मागून जळगावला, वडिलांच्या घरी निघून गेले. चाळीसगावला गाडी बदलताना फलाटावर मला वाटलं, आता सुटले. जळगावच्या मंडळीत मी पहिल्याच रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसले. वडिलांनी वळून पाहिलं. घरी काही विचारलं नाही. पंचांच्या मुलीनं मागे बसावं याचं त्यांना काय वाटलं असेल ते त्यांचं त्यांनाच माहीत.

त्या थंडीत खानदेशातल्या सगळ्या मंडळ्यांची सभा जळगावला भरली. आवारात मांडव, खाली सतरंज्या, धुळ्याहून, भडगावहून, लांबलांबच्या खेड्यांतून माणसं बसनं आणि बैलगाड्यांनी आलेली. शेवटच्या दिवशी सगळ्यांचं मिळून प्रभुभोजन. मी बायकांच्या बाजूला अगदी कडेला, मांडवाच्या खांबाशी बसले होते, म्हणजे ताट आलं की सहज उठून जाता येईल. तेवढ्यात कुणीतरी धपकन शेजारी येऊन बसलं. अक्का. बरीच खंगली होती, पण हसणं तेच.

"तू दिसलीस, म्हटलं जाऊन बसावं," ती म्हणाली.

भजन झालं, प्रार्थना झाली. ताटं रांगांतून निघाली. आमच्या रांगेत ताट यायला लागलं तशी मी चपला पायात सरकवल्या आणि उठायला गेले. अक्कानं माझं मनगट धरलं.

"कुठं निघालीस?"

"सोडा, अक्का. मला नाही बसता येत. माझी लायकी नाही मेजाशी बसायची, तुम्हाला माहीत आहे."

अक्का चिडली. पहिल्यांदाच पाहिलं मी तिला माझ्यावर चिडलेलं. मंडळीतली तिची शुद्ध भाषा गेली आणि ती तिच्या मायच्या बोलीत, शेजारच्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"मंग आजपावत कशी बसनी तू?"

अर्धवट उठलेली मी तशीच खांबाला धरून थांबले. आजपर्यंत कशी बसले होते? खळ घातलेल्या चादरीवर, गाळलेल्या रसावर, जळगावच्या पंचांची मुलगी म्हणून, काही न सापडणाऱ्या स्वच्छ महिन्यांवर. इतकी वर्षं त्या मेजाशी बसून मी माझंच खात होते. आणि आता उठून चालले होते तीही त्याच ऐटीत, स्वतः कमावलेलं नाही म्हणून दुसऱ्यानं फुकट दिलेलंही घेणार नाही म्हणत. शाळेतल्या पोरींना जे मी उभं करून करून पाठ करायला लावलं होतं ते अक्कानं मला एका वाक्यात विचारलं होतं, आणि मी अडखळले होते.

ताट आलं. अक्कानं आपला तुकडा घेतला आणि ताट पुढे न देता माझ्यासमोर धरून ठेवलं. पलीकडच्या बायका थांबल्या. कुणाचं तरी पोर रडायला लागलं. समोरून वडील बघत होते. पण अक्कानं ताट खाली घेतलं नाही. त्या दिवशी सकाळीच मी स्वयंपाकघरात भावजयीला टाकून बोलले होते आणि तिची माफीही मागितली नव्हती. माझ्यापाशी दाखवायला एकही गोष्ट नव्हती. मी खाली बसले, हात पुढे केला आणि तुकडा घेतला.